स्पर्श ते मोक्ष

वसिष्ठ आणि मरीची हे सप्तर्षींच्या शेपटाकडचे दोन ऋषी. वसिष्ठाशेजारची अरुंधती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी कधीतरी दाखवलेली असते. पण वसिष्ठ आणि मरीची यांच्या बरोबर मधोमध आणखी एक तारा आहे. तो कुणी दाखवत नाही, कारण नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही. गावाबाहेरच्या गच्च काळोखात जो अंधूकात अंधूक तारा दिसावा, त्याच्याही सहाशेपट तो मंद आहे. त्याला धड नाव नाही. ‘यूएक्स अर्से मेजॉरिस’ एवढीच त्याची यादीतली नोंद. दर ४ तास ४३ मिनिटांनी त्याला ग्रहण लागतं. या ग्रहणांच्या नोंदींवरून खगोलशास्त्रज्ञांनी तिथल्या तप्त वायूच्या एका तबकडीचा नकाशा काढला आहे. मध्यावर तापमान किती, कडेला किती, उजेड कुठे जास्त, कुठे कमी, हे सगळं त्यात आहे. ती तबकडी मात्र आजवर कोणत्याही दुर्बिणीला वेगळी दिसलेली नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आकड्यांतून माणसं आपल्याला हवं ते किती सहज काढून दाखवतात, हे माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे. म्हणूनही असेल, पण या नकाशांची रीत समजली तेव्हापासून ती मला माणसाच्या सर्वांत सचोटीच्या कामांपैकी एक वाटत आली आहे. त्या सचोटीबद्दलच मला लिहायचं आहे.

आधी त्या अंधूक ताऱ्यात काय चाललंय ते सांगते. तो ठिपका एकट्या ताऱ्याचा नाही, जोडीचा आहे. जोडीतला एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या तोडीचं. दुसरा थंड, लालसर, सूर्याहून लहान तारा. दोघांमधलं अंतर आपल्या सूर्याच्या व्यासापेक्षाही कमी. इतक्या जवळिकीत लाल तारा गोल राहू शकत नाही. तो श्वेत बटूच्या बाजूला ओढला जाऊन थेंबासारखा निमुळता होतो आणि त्या टोकातून त्याचा वायू जोडीदाराकडे वाहू लागतो. पण दोघेही एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे वायू सरळ खाली पडत नाही. तो श्वेत बटूभोवती फिरत राहतो, त्याचं कडं होतं, कडं पसरून तबकडी होते. तबकडीतला वायू आतल्या आत घासला जातो, तापतो आणि हळूहळू आत घसरतो. अशा ताऱ्यातून आपल्याकडे येणारा दृश्य प्रकाश मुख्यतः या तबकडीचाच असतो, दोन्ही ताऱ्यांचा त्यात थोडाच वाटा.

अशा तबकड्या विश्वात सगळीकडे आहेत. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवती त्या असतात आणि तिथेच ग्रह घडतात. कृष्णविवरांभोवती असतात, दीर्घिकांच्या केंद्रात असतात. पण त्यांतल्या मोठ्या तबकड्यांतले मोठे बदल पाहायला बहुधा माणसाचं आयुष्य पुरत नाही. अशा कितीतरी जोडताऱ्यांतली तबकडी मात्र काही दिवसांत भडकते आणि निवते. एखाद्या गोष्टीचा स्वभाव तिच्या बदलांतून कळत असेल, तर तबकडीचा स्वभाव शिकायला याहून चांगली जागा नाही.

अडचण आहे ती आकाराची. चंद्राच्या वाटेवर, निम्म्याहून पुढे, एक रुपयाचं नाणं ठेवलं तर ते इथून जेवढं दिसेल, तेवढीच ही तबकडी आकाशात दिसते. हबल दुर्बिणीला जो बारकावा टिपता येतो, त्याच्याही दोन-अडीच हजारपट लहान. तेव्हा फोटो काढण्याचा विचार सोडूनच द्यावा लागतो. हाती उरतो फक्त एक ठिपका, आणि तो या क्षणी किती उजळ आहे याचा आकडा.

एवढ्याशा आकड्यावर काय काय उभं राहू शकतं, हे पहिल्यांदा दाखवलं ते यॉर्कच्या जॉन गुडरिकने. लहानपणापासून त्याला ऐकू येत नसे. १७८२च्या हिवाळ्यात, अठरा वर्षांचा असताना, ययाती समूहातल्या मायावती ताऱ्याकडे तो रात्र रात्र पाहू लागला. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो तारा मंदावतो हे त्याने ठरवलं आणि कारणाबद्दल एक शक्यता मांडली: एखादी मोठी काळोखी वस्तू त्याच्याभोवती फिरत असेल आणि मध्ये येत असेल. रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. १७८६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याची शक्यता वर्णपटाच्या आधारे खरी ठरली ती १८८९मध्ये, पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेल यांच्या कामातून. गुडरिकने ती लिहिली तेव्हा तिला शक्यताच म्हटलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढची मोठी पायरी यायला १९५४ साल उजाडलं. शौरी समूहात १९३४च्या डिसेंबरमध्ये एक नवतारा भडकून गेला होता. तो विझून मंद झाल्यावर मर्ल वॉकर यांनी त्याचा प्रकाश मोजला, तर त्याला ४ तास ३९ मिनिटांनी ग्रहण लागत होतं. म्हणजे तोही जोडतारा. नवताऱ्याचा स्फोट आणि जोडीतली देवघेव यांचा काही संबंध असावा ही कल्पना तिथून बळावली. पुढच्या दशकात रॉबर्ट क्राफ्ट यांनी अशा कितीतरी ताऱ्यांचे वर्णपट तपासून हे जोडतारेच असतात हे दाखवलं.

मग १९७१. पुनर्वसूच्या थोडं दक्षिणेला, मिथुन राशीत, यू जेमिनोरम नावाचा तारा आहे. साधारण तीन-चार महिन्यांनी तो अचानक शंभरेकपट उजळतो आणि काही दिवसांत पुन्हा निवतो. त्याचं ग्रहण विचित्र होतं. ग्रहणाआधी प्रकाशाच्या आलेखात एक उंचवटा येई, आणि ग्रहण लागे ते मध्याला नव्हे, दुसऱ्याच कशाला तरी. एकीकडे वॉर्नर आणि नेदर, दुसरीकडे पोलंडचे स्माक, दोन्हीकडून एकच उत्तर आलं: लाल ताऱ्याकडून येणारी वायूची धार तबकडीच्या कडेवर जिथे आदळते, तिथे एक तेजस्वी, गरम ठिपका आहे आणि तोच झाकला जातो आहे. आलेखावरच्या एका उंचवट्यावरून, कुणीही न पाहिलेल्या तबकडीच्या कडेवरची एक जागा सापडली होती.

यूएक्स अर्से मेजॉरिसचा असा आलेख तयार होताना मी पाहिला आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटातली काही मंडळी जुन्नरच्या बाजूला एका मळ्यात दुर्बीण लावतात. पाऊस यायच्या आधीचे हे दिवस, सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले. दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप. लॅपटॉपच्या पडद्यावर तारा दिसतो तो काही पिक्सेलांच्या करड्या डागासारखा. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्यासोबत शेजारचे दोन-तीन स्थिर तारे असतात आणि त्यांच्याशी तुलना करून त्याचा उजेड काढतात, म्हणजे विरळ ढग किंवा धुरळा आडवा आला तर सगळेच एकदम मंदावतात आणि फरक पडत नाही. फ्रेममागून फ्रेम येते, आलेखावर एकेक टिंब वाढत जातं. सुरुवातीला टिंबांची रांग सपाटही नसते. ती सारखी थरथरत असते, कारण तबकडीतला प्रवाहच अस्थिर आहे. मग रांग खाली वळते. आधी रेंगाळत, नंतर एकदम कड्यावरून उतरावी तशी. तळाशी ती वाटोळी होते, क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि वर चढू लागते. पण चढण उतरणीसारखी नसते. अर्ध्यावर एक खांदा येतो, तिथे रांग रेंगाळते आणि मगच पूर्ववत होते. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण लागणं आणि सुटणं, यांच्यातला हा फरक म्हणजे त्या गरम ठिपक्याची सही: तो मध्याच्या एका बाजूला आहे, म्हणून बाकीचं उघडं पडल्यावरही थोडा वेळ झाकलेलाच राहतो.

आता या टिंबांवरून नकाशा कसा निघतो? ही रीत कीथ होर्न यांनी १९८५ साली मांडली.

आपल्या नजरेच्या रेषेतून पाहिलं तर लाल ताऱ्याची आड तबकडीवरून सरकत जाते. यूएक्स अर्से मेजॉरिसमध्ये तिचा वेग सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दहा सेकंदांची एक नोंद ही साडेतीन हजार किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याची नोंद झाली. जेवढ्या बारीक वेळात मोजाल, तेवढं बारीक अंतर हाती येतं. मोठी भिंगं न घडवता नजर तीक्ष्ण होते. पण एवढ्याने पट्टा कळतो, पट्ट्यातली जागा कळत नाही. तिथे भूमिती मदतीला येते. झाकत जाणारी पुढची कड कमानदार असते आणि एका बाजूला कललेली. उघडत जाणारी मागची कडही कमानदार, पण दुसऱ्या बाजूला कललेली. या दोन्ही कमानींच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि तबकडीवर तिरक्या चौकटींची जाळी पडते. ग्रहणात सापडणाऱ्या प्रत्येक बिंदूला आपापला स्पर्श असतो आणि आपापला मोक्ष. एकाच क्षणी झाकलेले दोन बिंदू निरनिराळ्या क्षणी उघडतात. या दोन वेळा मिळून त्या बिंदूचा पत्ता होतो.

तरीही कोडं सुटत नाही. तबकडीचे ५१ गुणिले ५१ असे चौकोन पाडले तर २६०१ अज्ञातं होतात. आलेखावर टिंबं असतात शंभर-दोनशे. शाळेत शिकलेलं आठवावं: अज्ञातं जास्त आणि समीकरणं कमी असली की उत्तर एक राहत नाही, असंख्य होतात. एकाच आलेखात तंतोतंत बसणारे असंख्य नकाशे काढता येतात. त्यांतले काही गुळगुळीत असतील, काही ठिपक्यांनी भरलेले, काही चक्क मनात आणलेल्या आकृतीचे. मोजमाप त्यांतल्या एकालाही नाकारणार नाही. मग निवडायचा कोणता?

माझ्या विषयातलं मला सर्वांत आवडणारं उत्तर इथे येतं. १९५७ साली एडविन जेन्स यांनी ते तत्त्व नीट मांडलं आणि १९७८मध्ये गल आणि डॅनियल यांनी ते प्रतिमा घडवण्याच्या कामी वापरून दाखवलं. त्याला ‘महत्तम एन्ट्रॉपी’चं तत्त्व म्हणतात. त्याचं सार एवढंच: मोजमापात बसणाऱ्या सगळ्या नकाशांतून असा नकाशा निवडा, जो मोजमापाच्या पलीकडे कमीत कमी बोलतो. पुराव्याने जेवढं भाग पाडलं तेवढंच मान्य करायचं. त्यापुढे एक रेघही आपल्या मनाची ओढायची नाही.

पण ‘कमीत कमी बोलणं’ म्हणजे काय, हेही ठरवावंच लागतं. होर्न यांनी आधी सगळीकडे सारखाच उजेड असलेला कोरा नकाशा आधाराला घेऊन पाहिला, तेव्हा मध्यावरचा उजेड कमानींच्या रेघांवरून फरफटत गेला आणि नकाशात आडव्यातिडव्या खोट्या पट्ट्या उमटल्या. कोरेपणाही निष्पक्ष नव्हता. मग त्यांनी आधाराला घेतली ती वर्तुळाकार तबकडी. केंद्रापासून सारख्या अंतरावरचा उजेड सारखा, एवढंच गृहीत. कोणत्या अंतरावर किती उजेड हे मोजमाप ठरवील, आणि वर्तुळापासून ढळायचं असेल तर तेही मोजमापच ढळवील. हे गृहीत लपवलेलं नाही. ते शोधनिबंधात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते बदलून पाहता येतं. आपण सगळेच काहीतरी आधी धरूनच पाहतो. इथे ते आधीचं धरलेलं कागदावर आलेलं आहे, हे मला मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. गणकयंत्र नकाशा थोडाथोडा बदलत जातं आणि त्यातून निघणारा आलेख मोजलेल्या टिंबांच्या जवळ सरकत जातो. एका मर्यादेपर्यंत हे चांगलं. पण प्रत्येक टिंबात मोजण्याची चूक असते, तबकडीची थरथर असते. त्या चुकीइतका फरक उरला की थांबायचं. आणखी जवळ जाता येतं, आलेख प्रत्येक टिंबातून नेता येतो आणि तो दिसतोही फार सुंदर. पण मग नकाशात उतरते ती चूक. विद्यार्थ्यांना समजावायला मला सर्वांत जड जातो तो हाच मुद्दा. जास्त जुळणं म्हणजे जास्त खरं नव्हे.

या संयमाने काय मिळालं? आपल्याकडे कधीच न उगवणारा, दक्षिण ध्रुवाजवळचा एक तारा आहे, झेड कॅमिलिऑन्टिस. १०७ मिनिटांत फेरी आणि पाच-सहा मिनिटांचं ग्रहण. तो भडकलेला असताना होर्न आणि कुक यांनी नकाशा काढला, तेव्हा तापमान केंद्रापासून कडेकडे अगदी सिद्धान्ताने सांगितलं होतं तसंच उतरत गेलं. वायू स्थिर गतीने आत जात असेल तर तबकडी कशी असावी, हे १९७३ साली शाकुरा आणि सुन्याएव यांनी मांडलं होतं. ते पहिल्यांदा असं जागेवर तपासलं गेलं. पण तोच तारा निवांत असताना वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात उतार नव्हताच. आत-बाहेर तापमान जवळपास सारखं. म्हणजे निवांतपणी वायू फारसा आत जात नाही, साठत राहतो.

या सपाट नकाशामागे एक मोठा वाद होता. असे तारे भडकतात कशामुळे? जेफ्री बाथ म्हणत होते की लाल तारा मधूनच वायूचा लोंढा सोडतो. जपानचे ओसाकी म्हणत होते की लाल तारा सारखाच वायू देतो. तबकडी तो साठवते आणि साठा एका हद्दीपलीकडे गेला की एकदम आत ओतते. सपाट नकाशा ओसाकींच्या बाजूने बोलला. वाद पुरता मिटला असं मात्र नाही. ब्राझीलच्या रेमुंडो बाप्तिस्ता यांनी काही ताऱ्यांच्या नकाशांवरून दुसरी बाजूही हिरिरीने मांडली आहे. एकाच रीतीने काढलेले नकाशे दोन्ही पक्षांना पुरावा देतात, यात मला रीतीचा दुबळेपणा दिसत नाही. ती कुणाची बाजू घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तबकडीतला वायू मुळात घासला का जातो, याचं उत्तर आणखी उशिरा आलं. विरळ वायूची साधी चिकटाई त्याला अगदीच अपुरी पडते. १९५९मध्ये वेलिखोव्ह आणि १९६०मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी फिरत्या द्रवातल्या चुंबकीय अस्थैर्याचं गणित केलं होतं, पण ते तबकड्यांसाठी नव्हतं. तीस वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९९१ साली बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं की तबकडी ढवळून काढणारं तेच असू शकतं. श्वेत बटूच्या वस्तुमानाची मर्यादा सांगणाऱ्या चंद्रशेखरांचंच गणित त्याच्याभोवतीच्या तबकडीलाही लागू पडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नकाशा चुकतो कुठे, हेही सांगायला हवं. तो तबकडी सपाट आहे असं धरतो. भडकलेल्या तबकडीची कड फुगून वर आलेली असेल, तर जवळची कड आतल्या भागाच्या आड येते आणि तबकडी सपाट धरून काढलेल्या नकाशात खरं तर नसलेला मागचा-पुढचा भेद उमटतो. ग्रहणाबाहेरही तारा बदलत असतो. तो बदल आधी नीट काढून टाकला नाही तर त्याचंही खापर तबकडीवर फुटतं. तबकडीचा जो भाग कधी झाकलाच जात नाही, त्याबद्दल ग्रहण काही सांगत नाही. म्हणून नकाशात काही नवल दिसलं की दुसरा साक्षीदार शोधायचा. आयपी पेगासी ताऱ्याचं तसंच झालं. तबकडीत लाल ताऱ्याच्या ओढीने सर्पिल लाटा उठाव्यात, असं १९८६ साली जपानी शास्त्रज्ञांच्या संगणकी गणितात दिसलं होतं. १९९७ साली, तो तारा भडकलेला असतानाच्या नोंदींत, स्टीग्स, हार्लाफ्टिस आणि होर्न यांना तशा लाटा सापडल्या, पण ग्रहणावरून नव्हे, वर्णपटातल्या वायूच्या वेगांवरून. नंतर बाप्तिस्ता आणि सहकाऱ्यांनी ग्रहणाचा नकाशा काढला. तिथेही दोन कमानी होत्या.

या दोन कमानींपाशी मी पुन्हा पुन्हा येते, कारण सचोटीचं फळ तिथे स्पष्ट दिसतं. ज्या रीतीने नकाशा काढला, तिचा सगळा ओढा गोल तबकडीकडे होता. सर्पिल दिसावी असं तिने कुठेच धरलं नव्हतं. शक्य तिथे सर्पिल पुसूनच टाकायला ती रीत बसली होती. तरी सर्पिल उरली. यूएक्स अर्से मेजॉरिसचा गरम ठिपकाही असाच उरतो. ज्याला आपल्या आवडीची आकृती शोधायची असते त्याला ती सापडतेच आणि सापडल्याचा काही अर्थ राहत नाही. ज्याने स्वतःचं म्हणणं कमीत कमी ठेवलं, आधीचं गृहीत उघडं मांडलं आणि वेळेवर हात थांबवला, त्याच्या नकाशात शेवटी जे शिल्लक राहतं ते त्याचं नसतं. ते त्या ताऱ्याचं असतं, आणि तेवढं मी निःशंकपणे खरं मानते.